समुद्रातलं तळं

३ तारीख, सोमवार

सगळ्यांत आधी आला तो साखळीवाला. बेल असताना दार ठोकलं, आणि असं ठोकलं की खालच्या मजल्यावरची शिवणवाली कात्री हातात घेऊन जिन्यात आली, कुणाचं काय पडलं बघायला. मोठ्या बाई मागून आल्या, जिन्यात दोनदा थांबत. असतील जहाजावरच्या प्रमुख, पण आमचा जिना कुणाला ओळखत नाही.

साखळीवाला म्हणजे ठकीच्या जहाजावर पाणबुडी साखळीला लावून पाण्यात सोडतो आणि वर घेतो तो. ठकी माझी नात. खरं नाव वेगळं आहे, ते कागदोपत्री. मी तिला आल्या दिवसापासून ठकी म्हणते, तिची आई गेल्यावर ती माझ्याकडेच वाढली. बाप, म्हणजे माझा मुलगा, लांबच्या कारखान्यात पाळ्या करतो आणि रविवारी फोन करतो.

ही वहीपण ठकीनेच दिलेली. जहाजावरची आहे, दर पानाला वारा, लाटा, खोली असे रकाने. मी चार बुकं शिकलेली बाई, पण रकाना दिसला की भरावासा वाटतो. वारा, पंखा दोनवर. खोली, स्वयंपाकघर. पूर्वी सुट्टीवर आली की वाचून लोळून हसायची. आता आणून महिना झाला तिला, वही समोरच असते, उघडत नाही. असू दे. माझी मी लिहिते.

काय झालं ते एकदा लिहून टाकते, म्हणजे परत परत नको. समुद्राच्या तळाशी मिठाचं तळं आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पण म्हटलं, समुद्रात तळं म्हणजे भातात भात. पण आहे. तिथलं पाणी इतकं खारट की जड होऊन खड्ड्यात बसतं, वरच्या समुद्रात मिसळत नाही. त्याला काठ आहे, काठाला शिंपल्यांची दाटी आहे, त्याच्यावर बारक्या लाटापण येतात. पाणबुडी त्या तळ्यावर तरंगते, आपण पाण्यावर तरंगावं तशी. आत गेलेला खेकडा बाहेर येत नाही. सडतही नाही, तसाच राहतो.

ठकी आणि जिराफ आळीपाळीने खाली जायचे. जिराफ म्हणजे तिच्या कामावरचा मुलगा, उंचच उंच, पाणबुडीच्या गोळ्यात बसला की गुडघे कानाला. नाव ठकीनेच पाडलं. त्या दिवशी पाळी त्याची होती. ठकी वर, जहाजावर, कानाला फोन लावून. त्याने काठावर पाणबुडी टेकवली, काठ खचला, त्या ढिगाच्या भाराने पाणबुडी तळ्यात घसरली ती मिठाच्या दगडासारख्या थराखाली. अडकलं की वजनं सोडायची, असा त्यांचा नियम. वजनं सोडली की पाणबुडी हलकी होते आणि आपोआप वर येते. ठकीने सांगितलं, वजनं सोड. त्याने सोडली. पण वर तर छप्पर. हलकी झाली तशी पाणबुडी खालून त्या छपराला जास्तच घट्ट बसली. तो बराच वेळ बोलत होता. मग बोलला नाही. झालं लिहून.

तर ही दोघं आली होती ती त्याला वर काढायचं म्हणून. दोनदा साखळी लावून ओढलं म्हणे, हलत नाही. तो कुठल्या बाजूने, कसा आत गेला ते एकट्या ठकीला माहीत, कारण घसरताना तो तिच्याशी बोलत होता. तिने जहाजावर यावं, वरूनच सांगावं, खाली जायचं नाही.

ठकी म्हणाली, "चालेल."

बाई म्हणाल्या, "घाई नाही. विचार कर."

"चालेल."

"चहा घेतेस का गं आमच्याबरोबर?" साखळीवाल्याने विचारलं.

"चालेल."

बाईंनी आणलेले नकाशे परत पिशवीत घातले. मी म्हटलं, "बाई, पोरगी विश्रांतीला आली आहे. आत्ता कुठे अंगाला लागायला लागलंय." बाई म्हणाल्या, "आजी, तिने हो म्हटलं तरी आज आम्ही नेणार नव्हतो." बरी आहे बाई. साखळीवाल्याने तीन कप चहा घेतला आणि जाताना स्वयंपाकघराच्या नळाची गळती बंद करून दिली, पाना पिशवीतच होता त्याच्या.

४ तारीख, मंगळवार

खरं लिहायचं तर मी मजेत आहे. असं लिहू नये, पण वही माझी आहे. इतकी वर्षं पोरगी समुद्रावर, आणि मी इथे बातम्यांत वादळ कुठे आहे ते बघत. आता माझ्या शेजारी बसून वाटाणे सोलते. बस म्हटलं की बसते, झोप म्हटलं की झोपते. पूर्वीची ठकी एका जागी बसेल तर शपथ. घरात आली की आधी कपाटं उघडायची, मग मला बोल लावायची, आजी ही चाळणी फेकून दे, आजी तू गोळ्या घेतल्यास का. आता अक्षर नाही. शिवणवाली म्हणते, तुझी नात फार शांत झाली हो. मी म्हटलं, वयाप्रमाणे येतंच शहाणपण.

सोललेले वाटाणे ती एका भांड्यात टाकते आणि सालं दुसऱ्या. आज मधेच उलटं झालं, सालांत वाटाणे. मी वेचून काढले.

आणि जेवते. देवा, काय जेवते. पुढ्यात ठेवलं की संपवते. हिच्या जिभेचे काय चोचले होते सांगू. चिमूटभर मीठ कमी पडलं तर चमचा खाली. जिराफ तिला म्हणायचा, तू तळ्याचं पाणी चाखून त्यात किती मीठ आहे ते सांगशील, आपल्याला यंत्र कशाला.

७ तारीख, शुक्रवार

आज बटाट्याचं सूप केलं. शिवणवाली परकराचं माप घ्यायला आली, तिलाही वाटी दिली. एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघायला लागली.

"काय झालं?"

"अळणी व्रत आहे का तुमच्याकडे?"

मी चाखलं. एक कण मीठ नव्हतं. विसरलेच होते, आता माझंही वय झालं. पण ठकीची वाटी तर रिकामी. दुसरी अर्धीपण प्यायली होती आधीच.

मी विचारलं, "ठकी, सूप कसं होतं गं?"

"छान होतं."

शिवणवाली म्हणाली, "आजीला वाईट वाटू नये म्हणून म्हणते बिचारी." तसंच असेल. माया आहे पोरीची.

१० तारीख, सोमवार

काल मुलाचा फोन. "आई, ती बोलते का?" मी म्हटलं, "बोलते की, मघाशीच बोलली, चालेल म्हणाली." तो म्हणाला, रजा मिळत नाही. हा रजेसाठी जन्मला आणि रजेविना जाणार.

फोन ठेवल्यावर मला काय सुचलं कोण जाणे, अंडी फोडून तव्यावर टाकली तेव्हा मीठ दुप्पट टाकलं. मुद्दाम. माझ्या वाट्याचा घास मी तोंडात घातला आणि तोंड असं झालं की लगेच पाणी प्यावं लागलं. ठकीने सगळं खाल्लं. पाव पुसून खाल्ला. ताट उचलून नेलं, धुतलं.

सर्दी असेल. सर्दीत चव जाते. मी तिच्या नाकाजवळ कांदा धरला. ती म्हणाली, "कांदा आहे." म्हणजे सर्दी नाही.

दुपारी तिने माझ्या फोनवर तळ्याचं हलतं चित्र दाखवलं, मीच मागितलं. एक खेकडा शिंपल्यांवरून चालत चालत तळ्यापर्यंत येतो. आत एक पाय घालतो, मग दुसरा. मग थांबतो. मग त्याचे सगळे पाय हळूहळू पोटाशी येतात. मी म्हटलं, "मेला का गं?" ती म्हणाली, "आधी बधिर होतो." आणि फोन परत दिला. नखं वाढली आहेत तिची, कापून द्यायला हवीत.

आज पण मीठ जास्त टाकलं. आज पण खाल्लं. आता मला यात मजा वाटत नाही.

१३ तारीख, गुरुवार

लिंबं मिठात घातली. बरणीत वरून धुतलेला दगड ठेवावा लागतो, नाहीतर लिंबं खाऱ्या पाण्यावर येतात आणि वरची खराब होतात. दगड ठकीने ठेवला. ठेवून बरणीकडे बघत उभी राहिली, इतकी की मला वाटलं उभ्या उभ्या झोपली.

याच ओट्याशी जिराफ उभा होता मागच्या सुट्टीत. दिवा आमचा खाली लोंबणारा, तो येताना डोकं आपटायचा आणि जाताना पण आपटायचा, आणि दर वेळी दिव्याला सॉरी म्हणायचा. मला तळं कळत नाही म्हटल्यावर त्याने रुंद तोंडाची रिकामी बरणी घेतली. माझा गार झालेला कोरा चहा ओतला, त्यात मीठ ढवळलं, माझं सगळं मीठ. मग चमच्याच्या पाठीवरून साधं पाणी सोडलं, थेंब थेंब, जीभ बाहेर काढून. खाली तपकिरी राहिलं आणि वर पांढरं. मधे रेघ. मग फ्रिजमधून अंडं घेतलं आणि सोडलं. अंडं पांढऱ्यातून खाली गेलं आणि रेघेवर थांबलं. तरंगत. मी तर टाळ्याच पिटल्या. तो म्हणाला, "आजी, हे अंडं म्हणजे मी." ठकी म्हणाली, "अंड्याला एवढे पाय नसतात."

मी मनात त्यांचं लग्नसुद्धा लावून ठेवलं होतं. दोघांपैकी कुणाला विचारलं नव्हतं, तो भाग वेगळा.

त्या दिवशी मिठाचा नवा पुडा आणायला तोच गेला होता. त्याच पुड्यातलं मीठ अजून वापरतेय.

१६ तारीख, रविवार

आज कोण आलं असेल. जिराफची आई.

आधी फोन नाही, काही नाही. दार उघडलं तर एक उंच बाई, खांद्याला पिशवी, बसमधून थेट. तिने आपलं नाव सांगायच्या आधी मला कळलं, कारण आत येताना दिव्याला तिचंही डोकं लागता लागता वाचलं.

"मावशी, मी बसत नाही फार," म्हणाली आणि बसली. भाजीपाल्याच्या गाड्या तोलण्याच्या काट्यावर काम करते ती, सुट्टी काढून आली होती. ठकी समोर बसली, हात मांडीवर. मी सूप गरम करायला ठेवलं, मला हाताला काहीतरी लागतं.

बाई म्हणाली, "तुझ्या जहाजावरच्या बाईंनी मला सगळं सांगितलं. मला काही कळलं नाही. सगळे म्हणतात तो तळ्यात आहे. म्हणजे बुडालाय का?"

"नाही काकू."

"मग?"

"तरंगतोय." ठकीचा आवाज असा, जसा कुणी यादी वाचावी. "छपराखाली तरंगतोय. मी वजनं सोडायला सांगितली. नियम आहे. मी सांगितली म्हणून घट्ट बसला."

बाईने माझ्याकडे बघितलं. ठकी उठली. तिने रुंद बरणी काढली, कोरा चहा, मीठ, सगळं जसंच्या तसं केलं, चमच्याच्या पाठीवरून पाणी सोडलं. हात जरासुद्धा हलला नाही तिचा. अंडं सोडलं, ते रेघेवर थांबलं. मग माझी पळी घेतली आणि पळीच्या खोलगट भागाने अंडं खाली तपकिरी पाण्यात दाबलं, आणि पळी थोडी वर घेतली. अंडं वर आलं आणि पळीला खालून चिकटून बसलं.

"हे छप्पर," ठकी म्हणाली. "हा तो. हलका आहे म्हणून अडकलाय. आम्ही वर ओढतो, तो आणखी बसतो."

बाई वाकून बरणीत बघत राहिली. मी गॅस बारीक केला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं, थांबतच नव्हतं.

"बोलला काय तो?" बाईने विचारलं. "तू होतीस ना फोनवर."

ठकीने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मोठ्या बाईंना नाही, बापाला नाही, मला नाही. मी विचारलंही नव्हतं, मला वाटायचं विसरेल हळूहळू.

"म्हणाला, पाय लांब करायला जागा नाही."

बाईच्या तोंडातून जे आलं ते हसू होतं. "पाळण्यात पण तेच रडगाणं होतं त्याचं," ती म्हणाली. "आणि?"

"आणि म्हणाला, डाव्या अंगाने आत आलो, उजवीकडे उजेड दिसतोय. मी म्हटलं बोलत राहा. तो खेकडे मोजत होता. मग मोजायचा थांबला."

"घाबरला होता?"

"मधे एकदा. मग नाही."

"बरं," बाई म्हणाली. "बरं."

आणि मग तिने बाही वर केली आणि हात बरणीत घातला. ठकी पळी धरून होती तशीच. बाईने पळीच्या कडेने अंड्याला वरच्या अंगाने बोट लावलं, हळूच खाली दाबलं, आणि पळीखालून उजवीकडे सरकवलं. अंडं सुटलं. वर आलं, रेघेवर हललं, थांबलं. बाईने ते उचललं आणि पदराने पुसत बसली. तिने काही दाखवायला केलं असं मला वाटत नाही. तिला ते तिथे बघवेना, एवढंच.

ठकी पळीकडे बघत होती.

"आधी खाली," ती म्हणाली. आम्हाला नाही, बरणीला. "वजन लावून आधी खाली. मग उजवीकडे. आम्ही वर ओढत होतो."

बाई म्हणाली, "तू जा आणि त्याला घेऊन ये. मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही, मला बाकीचे नीट कळतच नाहीत."

ठकी "चालेल" म्हणाली नाही.

मी सूप वाढलं, तिघींना. या सगळ्यात मी मीठ एकदा टाकलं की दोनदा, मला आठवत नव्हतं. बाई एक घोट घेऊन सभ्यपणे थांबली. ठकीने चमचा तोंडात घातला. मग बाहेर काढला आणि खाली ठेवला.

"आजी," म्हणाली, "खारट झालंय गं."

"झालं असेल."

"किती टाकलंस? तोंडात धरवत नाही." आणि तिचं तोंड वाकडं झालं, जसं लहानपणी व्हायचं, आणि मग ते सरळ होईना. बाईने तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. मी वाट्या उचलल्या. सूपात पाणी घालून परत उकळलं. आज पहिल्यांदा तिचं रडणं घरभर ऐकू आलं. शिवणवाली वर आली नाही, कळलं असेल तिला. तशी समजूतदार आहे, माप मात्र नेहमी तोकडं घेते.

बाई संध्याकाळच्या बसने गेली. अंडं बरोबर नेलं. म्हटलं, अहो कच्चं आहे, फुटेल. म्हणाली, हातात धरते.

१८ तारीख, मंगळवार

ठकीने सकाळी ही चाळणी फेकून दे म्हटलं. मी म्हटलं, तुझ्या आईची आहे. ती म्हणाली, माझ्या आईनेसुद्धा फेकली असती. मग ती जहाजावरच्या मोठ्या बाईंशी फोनवर तासभर बोलली, उभ्याने, फेऱ्या घालत, माझ्या वहीचं मागचं पान फाडून त्यावर चित्रं काढत. मधेच ओरडली पण, "नाही, वर नाही, मी काय सांगतेय." माझा जीव सुपाएवढा झाला.

दुपारी परत आली दोघं. साखळीवाला आधी, दार ठोकून. त्याने माझ्या ओट्यावर साखळी कशी धरणार ते माझ्या चमच्यांनी मांडून दाखवलं. वजन म्हणून लिंबाच्या बरणीतला दगड मागितला, मी दिला नाही, वाटी दिली. ठकी म्हणाली, वाटी अजून डावीकडे. तो म्हणाला, डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे. ती म्हणाली, त्याच्या.

जाताना बाईंनी मला बाजूला घेतलं. "आजी, ती वरच राहील. जहाजावर. शब्द देते." मी म्हटलं, "बाई, तुमच्या शब्दाला आमच्या जिन्याच्या कठड्याइतकी तरी पकड असू दे." हसल्या. मी पण हसले. मला बरं वाटतंय, पोरगी बोलायला लागली, आणखी काय हवं माणसाला.

तिची बॅग मीच भरली. जाड मोजे घातले, बारकी बरणी घातली मिठाची, ती म्हणाली आजी, मी समुद्रावर चाललेय, तिथे मीठ कमी आहे का. तरी घातली.

संध्याकाळी मी जेवले. जेवणात मीठ होतं की नव्हतं ते ठकीनेच विचारलं, "आजी, आज बरोबर पडलंय ना?" मी म्हटलं, हो गं, छान आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने माझी वाटी ओढून घेतली, चाखली, आणि उठून मिठाचा डबा आणला. मला तर काही कमी लागलं नव्हतं. हात जरा गार पडलेत माझे, पंखा एकवर केला आहे.

वारा, एकवर. लाटा, नाही. खोली, स्वयंपाकघर.

जिराफची आईपण येणार आहे, तिने फोन केला. ते त्याला घेऊन येईपर्यंत ती इथे माझ्याकडे राहील. दोघी मिळून वाटाणे सोलू. दिवा थोडा वर बांधून घ्यायला हवा.

न्यायला येतो म्हणालेत शुक्रवारी सकाळी. साखळीवाला आधी येईल.